डोळ्यातल्या आंधळ्या ठिपक्याची कैफियत

मी आंधळा ठिपका बोलतोय. मुक्काम एका पंक्चरवाल्याच्या उजव्या डोळ्यात, अगदी मागच्या पडद्यावर.

डोळ्यात सगळे राबतात. बाहुली उजेड बघून लहानमोठी होते. भिंग समोरचं चित्र पडद्यावर पाडतं, तेही उलटं. ते सुलटं समजून घेणं मेंदूचं काम. मी तेवढा जन्माचा ऐतखाऊ. पडद्यावरच्या सगळ्या नसा माझ्यातून बाहेर पडतात, म्हणजे मी दार. दारात कोणी खाट टाकत नाही, तसं माझ्यावर उजेड टिपणारं कोणी बसत नाही. माझ्यावर पडलं ते दिसत नाही. बोभाटा मात्र होत नाही. दुसरा डोळा सांभाळून घेतो, आणि तो मिटला तर मेंदू आजूबाजूचा रंग फासून मोकळा होतो. थापाड्या लेकाचा.

माझा शोध दादाने लावला, माझ्या धन्याच्या थोरल्या भावाने. दोघे एकाच दुकानात कामाला. मालक शिव्या देत असताना दादाने डावा डोळा मिटला, डावीकडे टांगलेल्या टायरवर नजर लावली आणि मालकाचं मुंडकं गायब. नुसती ढेरी शिव्या देत होती. धाकट्यालाही त्याने हे शिकवलं.

मग एका ट्रकचा जॅक घसरला आणि दादा खालीच राहिला.

आईने त्याचा छोटा फोटो भिंतीला लावला. धाकटा तिकडे पाठ करून जेवायचा. मामा आले, पुरुषासारखं राहावं म्हणाले. याने त्यांचं मुंडकं उडवलं. बरंच केलं. पण त्याच झटक्यात गड्याने खिडकीवर नजर लावून दादाचा फोटोही माझ्यावर घेतला.

मेंदूने सवयीने रंग फासला. सगळी निळी भिंत. साधं भोकसुद्धा नाही, जणू तिथे कधी कोणी नव्हतंच. धाकटा डोळा चोळत सुटला.

"डोळ्यात काय गेलं रे?" आईने विचारलं.

"दादा गेला."

मग त्याने सगळं सांगितलं. आईने करून पाहिलं, पण तिला एक डोळा मिटताच येईना, दोन्ही मिटायचे.

"आणि माझ्या भावाचं मुंडकं उडवलंस होय रे, मेल्या?" म्हणत ती हसली, किती दिवसांनी. मग त्याची हनुवटी धरून तिने तोंड फोटोकडे वळवलं. "आता त्याच्याकडे सरळ बघ."

त्याने बघितलं. तिथे माझं काही चालत नाही. सरळ बघितलेलं माझ्यावर पडतच नाही. ते शेजारी पडतं, जिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. डोळ्यात पाणी आलं, दादा अंधुक झाला, पण हलला नाही.

तेव्हा मंडळी, मालकांची, मामांची मुंडकी खुशाल माझ्याकडे पाठवा. आपल्या माणसाला पाठवू नका. मला परत देता येत नाही.