भिंतबाबाचे लाल हात

भिंतीतून रक्त आलं आणि दालनात दाटीवाटीने उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम हात जोडले. भिंतबाबाने पितळी पातेल्यातलं पिवळं पाणी ओंजळीत घेऊन, कालच चुना दिलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर भिरकावलं होतं. त्याचे ओघळ पाहता पाहता लालभडक झाले. कुणी किंचाळलं, कुणी डोळे गच्च मिटले. पोस्टमास्तर तर चांगला शिकलासवरलेला माणूस, पण त्यांनीही फरशीवर डोकं टेकलं.

"घर बोललं!" बाबा गरजला. "हे केशरजल आहे. निष्पाप जागी पिवळंच राहतं. पाप मुरलं असेल तिथंच त्याचं रक्त होतं. मग ती भिंत असो की माणूस! मी नाडी पाहिली या घराची. ऊर्जेला ताप चढलाय. लहरींचं अजीर्ण झालंय."

भिंतीला अजीर्ण कशाने होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

घर गावाबाहेरचं, दुमजली, दगडी, पणज्याच्या काळातलं. "ऐतिहासिक घर विकणे आहे. रस्त्याकडे स्वतंत्र दार, भरपूर उजेडाचं दालन, घरगुती व्यवसायास उत्तम," अशी जाहिरात दलालाने दिली होती. त्या दालनात बुकबाइंडरकाकांनी उभी हयात पुस्तकं शिवली होती. आता काकूंना उपचारांसाठी शहरात हलवायचं होतं आणि घराला रास्त भाव येईल या एकाच आशेवर दोघं बसले होते. ज्या दालनासाठी गिऱ्हाईक येणार, नेमकं त्याच दालनातून रक्त निघालं. घर बघायला आलेलं एक जोडपं तर चपला हातात घेऊनच पळालं.

बाबाला घर तपासायला घेऊन आलेल्या दलालाने सुतकी चेहरा केला. "काका, आता हे घर फुकटसुद्धा कुणी घेणार नाही. पण तुमच्याकडे बघून मीच गळ्यात बांधून घेतो. पडेल त्या भावात. काय म्हणता?"

काका मटकन खाली बसले. "आमच्या हातून काय पाप झालं हो?"

हे शब्द ऐकले आणि मागे उभ्या असलेल्या एका बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. बाई रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. मेणबत्त्यांचा कारखाना काढायचाय, अशी थाप मारून गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा असल्याच एका जुन्या घरात शिवणवर्ग होता. तिनेही घर विकायला काढलं, ह्याच दलालाने हाच बाबा आणला, भिंत अशीच लाल झाली. बाई बदलीच्या गावाहून धावत पोचल्या तोवर घर मातीमोल गेलं होतं. बहीण भाड्याच्या खोलीत, माझ्याच हातून काही पाप झालं असेल, असं म्हणत म्हणत झिजून गेली. तेव्हापासून बाई जुन्या घरांच्या जाहिराती वाचत होत्या. त्या दलालाचं नाव दिसलं आणि बॅग उचलून निघाल्या. घर घ्यायला नव्हे, वसुलीला.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, तांब्या भरला, घंगाळ उचललं आणि पदर खोचून बाबापुढे येऊन बसल्या.

"महाराज, केवढे दमलात! हात पुढे करा, मी पाणी घालते. एवढी सेवा घडू द्या."

बाबा नेहमी हात पंच्याला पुसायचा. साबणाच्या वाटेला जात नसे, त्याला कारणही तसंच होतं. पण शहरातली बाई पायाशी बसून विनवते आहे, तांब्यात नितळ पाणी आहे, सगळा गाव बघतो आहे. स्वारी फुगली. पिवळेजर्द हात त्याने ऐटीत पुढे केले.

बाईंनी धार धरली. बोटं लाल झाली, तळवे लाल झाले, मनगटापर्यंत लाल. घंगाळात लाल पाणी साचलं.

मागून गावच्या लोहाराचा आवाज आला, "पाप्याच्या अंगावर रक्त होतं म्हणाला होता ना हा?"

"खुनी आहे, खुनी!" पोस्टमास्तर ओरडले. मघाशी टेकलेलं डोकं आता चांगलंच वर आलं होतं. लोक पुढे सरकले. लोहाराने बाबाची गचांडी धरली. दलाल दाराकडे सटकत होता, त्याला दोघांनी आडवं केलं.

बाईंना हवं असतं तर एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. बाबाच्या कपाळावर फुटलेला घाम त्यांनी डोळे भरून पाहिला. बहिणीला ज्या भीतीने खाल्लं, ती त्याच्या तोंडावर उमटलेली त्यांना बघायची होती. ती दिसली आणि त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, खूप बरं वाटलं.

"रक्त नाही!" बाबा केकाटला. "हळद आहे हो, हळद! केशर कुठलं, हळदीला अत्तर लावलंय नुसतं! ताजा चुना लागला की लाल होते! म्हणून तर आदल्या दिवशी चुना द्यायला लावतो! हिनं पाण्यात काहीतरी कालवलंय, मी पापी नाही!"

"धुण्याचा सोडा," बाई म्हणाल्या. "लोहारदादा, सोडा त्याला. तो आता खरं बोलतोय." मग त्या बाबाच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. "शिवणवर्गवाली आठवते? तिच्या घरात काय होतं?"

बाबा दलालाकडे बघायला लागला.

"तिकडे नको, इकडे बघ. काय होतं?"

"हळदच होती."

"तिचं पाप?"

"कसलं पाप? काही नव्हतं."

"मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"तिचं काही पाप नव्हतं!" बाबा ओरडला आणि रडायला लागला. बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण बाबासाठी नव्हे.

त्यांनी लिंबू मागवलं आणि काकांच्या हातात दिलं. काकांनी ते भिंतीवर पिळलं. लाल ओघळ पुन्हा पिवळा झाला. काकूंनी खुर्चीतूनच पदराने डोळे टिपले. "यांना बजावून ठेवते हो मी, घर आता योग्य भावातच विकायचं," त्या म्हणाल्या, आणि लोक पहिल्यांदा हसले.

कुणीतरी पोलिसांना बोलवायला गेलं. लोहार अजून धुमसत होता. "बाई, दोन ठेवून देऊ का याला?"

"हात लावायचा नाही. याने भिंतीला पापी ठरवलं, तुम्ही मान डोलावलीत. मी याचे हात लाल केले, तुम्ही मारायला धावलात. दोन्ही वेळा तुम्ही विचारलं काहीच नाही. हा खरं ओरडला नसता तर आज माझ्या चिमूटभर सोड्यापायी तुम्ही एका माणसाचा जीव घेतला असता." बाईंनी भिंतीकडे बोट केलं. "हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक नाही? धुणं धुताना रोज बघता. मग तेच भिंतीवर झालं की अक्कल कुठे जाते? जरा विचारा, हे कसं झालं? एवढं एका माणसानं वेळेवर विचारलं असतं, तर माझी ताई आज हयात असती."

पोस्टमास्तर खाली वाकले, घंगाळातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि वास घेऊन बघितला.