सोळा नंबरचं पाकीट

ती चढण बघायला लोक लांबलांबून येत. दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरं, मधे दगडी फरसबंदी, आणि चढ असा की एका घराचा उंबरा खालच्या घराच्या खिडकीशी येई. कडेला उभ्या केलेल्या गाड्यांची चाकं दगडाकडे वळवून ठेवलेली. आलेगेले पर्यटक कॅमेरा तिरका धरून फोटो काढत, म्हणजे फोटोत रस्ता सपाट दिसे आणि घरं मात्र कलंडल्यासारखी.

आजीला त्या गमतीजमतीत रस नव्हता. ती पैज जिंकायला आली होती.

आजी चौतीस वर्षं टपाल वाटायची. आता निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. गॅलरीत उभं राहिलं की तिचे सगळे जुने रस्ते दिसत, आणि खालून जाणारा दर चौथा माणूस मान वर करून हाक मारी. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिचा मुलगा मात्र लिफ्ट बसवायच्या कंपनीत होता.

"अख्ख्या शहराला वर नेतो मी," तो म्हणे, "आणि माझी आई रोज साठ पायऱ्या चढते! लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आमच्याकडे तळमजल्यावर मागची खोली रिकामी आहे, तिथे ये."

त्या मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसे. दुसरं काही नाही.

शेवटी सहलीला निघताना पैज ठरली. खालच्या पाटीपासून वरच्या कठड्यापर्यंत आजीनं ही चढण चढायची. उभं राहून दम घेतला तर चालेल, पण बसायचं नाही आणि मागे फिरायचं नाही. जमलं तर तिसरा मजला, नाहीतर मागची खोली. साक्षीदार म्हणून दहा वर्षांची नात होती. एका जागी कधी टिकत नाही, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत.

"आई, अजून विचार कर," मुलगा पाटीपाशी म्हणाला. "सदुसष्ट घरं आहेत वरपर्यंत."

"मोजलीस? मग आता चढ," आजी म्हणाली आणि चालू लागली.

पण ती सरळ वर निघालीच नाही. डावीकडून तिरकी उजवीकडे गेली, तिथून वळून तिरकी डावीकडे, परत उजवीकडे. शेळीनं बांधावर चरावं तशी.

"आई, सरळ चाल ना! लोक बघतायत!"

"बघू देत. पत्ता विचारला तर सांगेन."

मुलगा नाकासमोर चढू लागला आणि बघता बघता दहा घरं पुढे गेला. खारूताई मधेच घुटमळली. "आजी, तू उगाच जास्त चालतेयस."

"हो का? मग करून बघ. या दिव्याच्या खांबापासून वरच्या खांबापर्यंत सरळ जा. पावलं मोज, आणि पोचलीस की तुझं नाव मोठ्यानं सांग."

खारूताई गेली. "एकतीस!" ती ओरडली, पण नाव सांगताना मधेच दोनदा श्वास घ्यावा लागला. आजी तिथे पोचली तेव्हा पुढच्या खांबापर्यंत दोघी तिरक्या गेल्या. त्रेपन्न पावलं झाली. या वेळी मात्र खारूताईनं नाव, आडनाव आणि शाळेचा पत्तासुद्धा एका दमात सांगून टाकला.

"असं कसं?" ती म्हणाली.

"उंची तेवढीच गं. ती एका घासात गिळायची की चार घासांत, एवढंच आपल्या हातात. वाट लांबवली की चढ नरम होतो. मला हे कुणी शिकवलं नाही. एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. पत्रं टाकत मी इकडून तिकडे जायची, आणि दुपारी लक्षात यायचं की सरळ चढणाऱ्यांपेक्षा माझे पाय कमी दुखतायत."

चाळीस नंबरच्या घरापाशी मुलगा सापडला. कुणाच्या तरी दाराच्या पायरीवर बसून, शर्टाची दोन बटणं उघडून, तो रुमालानं वारा घेत होता.

"बसलास होय रे?" आजीनं विचारलं.

"पैज तुझी आहे. माझी नाही," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."

पन्नास गेलं. पंचावन्न गेलं. वरचा कठडा आता नीट दिसत होता. खारूताई तर मनातल्या मनात आजीच्या गॅलरीत जाऊन उभीसुद्धा राहिली होती.

एकसष्ट नंबरच्या दाराच्या फटीत एक जाड पाकीट अर्धं बाहेर आलेलं होतं. आजीची नजर त्यावर गेली. न जाऊन सांगते कुणाला? पत्त्यात घराचा नंबर सोळा होता. वर लाल अक्षरांत 'तातडीचे' असा शिक्का.

आजीनं पाकिटाला हात लावला नाही. तिनं घंटी वाजवली. पायाला प्लास्टर घातलेला एक शिंपी कुबडी टेकत दारात आला. त्यानं पाकीट ओढून काढलं.

"माझं नाही हे. खालचं आहे. बदली माणूस आलाय टपालाला, घाईत आकडे उलटे वाचतो," तो म्हणाला. "उद्या दुपारी आला की परत देईन. माझ्याच्यानं कुठलं उतरवतंय!"

"उद्या? अहो, तातडीचं आहे ते! द्या इकडे. चौतीस वर्षं हेच केलंय मी."

तिच्या आवाजात असं काही होतं की शिंप्यानं मुकाट्यानं पाकीट दिलं. आजी वळली आणि भराभर खाली निघाली.

"आजी! आजी, थांब!" खारूताई मागे धावली. पण आजीच्या हातात पत्र होतं, आणि हातात पत्र असताना तिला हाका ऐकू येत नसत.

चाळीस नंबरपाशी मुलगा ताडकन उठला. "आई! अगं, मागे फिरलीस तू!"

तेव्हा कुठे आजीचे पाय थबकले. तिनं वर कठड्याकडे पाहिलं, मग हातातल्या पाकिटाकडे. चेहरा एकदम उतरला. डोळ्यांसमोर मागच्या खोलीच्या खिडकीतली ती भिंत आली असावी.

"फिरले खरी," ती हळूच म्हणाली. "सहाच घरं राहिली होती रे."

"आण इकडे, मी देऊन येतो."

"आणि परत वर कोण येईल? तुला खांद्यावर घेऊ?" तिनं पदर खोचला. "हरले तर हरले. पत्र अर्ध्या वाटेत सोडायचं नसतं."

सोळा नंबरचं दार एका धिप्पाड तरुणीनं उघडलं. पाकीट पाहताच तिनं ते दातांनीच फाडलं. आतून एक कार्ड निघालं, त्यावर तिचा फोटो.

"लायसन्स! क्रेन चालवायचं लायसन्स!" तिनं आजीला उचलून एक गिरकीच घेतली. "उद्या सकाळी आठला बंदरावर हे दाखवायचं होतं. नाहीतर माझ्या जागी दुसऱ्याला घेणार होते. आठ दिवस दाराशी बसून आहे मी!"

"खाली ठेव गं मला," आजी हसत म्हणाली, "मी काही माल नाही."

तरुणीनं पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. पाणी आजी उभ्यानंच प्यायली. खुर्चीला तिनं हातसुद्धा लावला नाही. मग ती पुन्हा निघाली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. चाळीस नंबरला तिनं मुलाला उठवलं आणि आपल्या मागोमाग तिरकं चालायला लावलं. एकसष्टला शिंपी खिडकीत बसला होता. "पोचलं!" आजीनं त्याला ओरडून सांगितलं. थोड्याच वेळात तिघं कठड्याला टेकली. खाली अख्खं शहर उन्हात पसरलं होतं.

 मुलगा कठड्यावर बसून धापा टाकत होता.

"मागची खोली," आजी म्हणाली, "रंगवून घे निदान. पिवळा चालेल. शब्द म्हणजे शब्द."

खारूताईचे डोळे भरून आले. "पण बाबा, आजी सोळापासून एकसष्टपर्यंत दोनदा चढली! म्हणजे पंचेचाळीस घरं जास्तीची!"

मुलानं दम घेतला. "किती म्हणालीस?"

"सदुसष्ट आणि पंचेचाळीस, एकशे बारा."

तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. मोजता मोजता त्याला हसू फुटलं.

"आई, नवी लिफ्ट आम्ही कशी तपासतो माहितेय? जेवढं वजन न्यायचं ठरलेलं असतं, त्याच्या सव्वापट आत घालतो आणि नेऊन बघतो. नेलं तर पास. तू तर दीडपटीच्याही पुढे गेलीस, आणि तेही न बसता." त्यानं कपाळ पुसलं. "मागे फिरलीस म्हणून हरवायचं म्हटलं, तर माझ्या धंद्याला बट्टा लागेल. राहा तिसऱ्या मजल्यावर."

खारूताईनं अशी उडी मारली की शेजारचा पर्यटक कॅमेरा सावरत मागे सरकला.

"एक मात्र आहे," मुलगा म्हणाला. "तपासणीचा दाखला एक वर्षच चालतो. पुढच्या वर्षी परत इथे यायचं."

"येऊ की," आजी म्हणाली. मग तिनं त्याच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. "पण तुझ्या दाखल्याचं काय? तू तर चाळीसलाच अडकलास. दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचं. साठ पायऱ्या, चालत. ही येईल बरोबर, मोजायला."

"आई, रविवारी मला..."

"बाबा, मी मोजणार!" खारूताई म्हणाली.

मुलानं दोघींकडे पाहिलं, खाली पसरलेल्या चढणीकडे पाहिलं, आणि कठड्यावरून उठायचा प्रयत्न केला. पाय उठेनात. आजीनं हात पुढे केला.