दात घेतला त्यानं

ओहोटी लागली तशा आम्ही बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरलो. पहिलाच हात घातला तर शिंपल्यांतल्या तिसऱ्या सगळ्या आ वासून मेलेल्या. वास असा की नाक दाबून धरावं. इकडं उकरलं, तिकडं उकरलं, जिथं तिथं तेच. नदीच्या मुखाशी ड्रेजर घरघरत होतं, काळी वाळू उपसून जहाजात ओतत होतं, पण तिकडं कुणी मान वळवली नाही. सगळ्यांच्या नजरा गेल्या बंदीच्या खुंटाकडं.

आमचा म्हातारा राजा वारला तेव्हा प्रवाळाच्या कडेला तो खुंट रोवला होता, वर माडाच्या झावळ्या बांधून. दुखवटा उठेपर्यंत त्याच्या पलीकडचं काही धरायचं नाही. मासा नाही, खेकडा नाही, तिसरीसुद्धा नाही. जो कुणी मोडेल त्याच्या घरात समुद्र शिरतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो.

"कुनीतरी पलीकडं गेलंय," मागून एक बाई म्हणाली. "त्याबिगर आसं व्हायचं न्हाय."

माझ्या शेजारी माझी नणंद किनीसिमेरे उभी होती. तिच्या हातातली टोपली गळून चिखलात पडली. ती उचलायला वाकली ती उठेचना. मी दंडाला धरलं तर बाई थंडगार.

"वैनी," ती पुटपुटली, "घरला चल."

घरी तिची लोआता चटईवर पडली होती. सात वर्षांची पोर, दोन दिवस अंगात ताप, ओठ बधिर, जीभ जड. पाणी दिलं तरी ओघळून जायचं. किनीनं दार लोटून घेतलं.

"म्या गेले हुते गं. खुंटाच्या पलीकडं. पोर काय खाईना, म्हून वंजळभर तिसऱ्या आनल्या. उकडून तिलाच चारल्या. आता समुद्र तिला न्यायला बसलाय."

खोटं कशाला बोलू, तिची दया यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे की तिचं घर आणि माझं घर एकाच कुडाचं आहे, माझीही पोरं तिथंच निजतात.

दुपारी किनीच्या नवऱ्यानं पोरीला होडीत घालून पलीकडच्या बेटावर दवाखान्यात नेलं. किनी गेली नाही. आईनं पोटच्या पोरीबरोबर जाऊ नये, असं कधी ऐकलंय? पण ती काठावरच बसून राहिली.

"माफीचा दात ठेवल्याबिगर मी तिच्यासमोर गेले तर ती मरंल," एवढंच म्हणत राहिली. नवऱ्याच्या घराण्यातला देवमाशाचा दात तिनं फडक्यात गुंडाळून छातीशी धरला होता. पिवळा पडलेला, हातभर काथ्याची दोरी बांधलेला. मोठी माफी किंवा मोठं मागणं आमच्यात असा दात पुढं ठेवूनच मागतात.

संध्याकाळी आमचा गावप्रमुख आपेनिसा यानं बैठक बोलावली होती. वाळू कंपनीचा साहेब येणार होता. हा साहेब पहिल्यांदा आला तेव्हा यंगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी घेऊन आला होता. चटईवर ठेवली, काहीतरी मागितलं. आपेनिसानं जुडीला हात लावला आणि ओंजळीची टाळी वाजवली. पाहुण्याची मुळी घेतली म्हणजे त्याचं मागणं मान्य, आमच्यात त्याला माघार नाही. काय मागितलं, हे मात्र त्या भल्या माणसानं विचारलंच नाही. भरतीला ड्रेजर आलं तेव्हा गावाला कळलं.

आज साहेबानं चित्रांचे फलक आणले होते. बारीक जाळं वापरू नका. प्लास्टिक फेकू नका. प्रत्येक घरानं आठवड्याला दोन मासे कमी खा. इंग्रजीत बोलायचा, शाळेत शिकलो तेवढं आम्हाला कळायचं, पण गोड बोलायचा हो तो, वरचेवर छातीवर हात ठेवायचा. "समुद्र तुमचा आहे," म्हणाला, "जपायचा तुम्हीच. एकेकानं ठरवलं तर खाडी वाचेल." मग त्यानं बायकांना कंपनीचं नाव छापलेली एकेक कापडी पिशवी वाटली.

आपेनिसा मान डोलावत होता. आणि माझ्या मनातही आलं, आपलंच चुकलं असेल. एवढा शिकलेला माणूस म्हणतोय.

तेवढ्यात किनी गुडघ्यांवर सरकत पुढं गेली. दात चटईवर ठेवला आणि कपाळ टेकलं.

"बंदी म्या मोडली. खाडी माझ्यामुळं मेली. मला काय करायचं ते करा, पन माझी पोर जगू द्या."

तिच्याजवळ बसलेल्या बायका हळूच अंग चोरून लांब सरकल्या. मीही सरकले. साहेबाला आमची भाषा कळत नव्हती, तो आपला हसऱ्या तोंडानं बघत होता.

कोपऱ्यात इलिसापेसी म्हातारी पंखा हलवत बसली होती. गावातली सगळ्यात जुनी बाई, तोंडाची फटकळ. तिचा पंखा थांबला.

"किती घेतल्यास गं?"

"वंजळभर, आजी."

"वंजळभर." म्हातारीनं स्वतःची ओंजळ करून सगळ्यांना दाखवली. "माझ्या बापाच्या वेळंला दोन गावं बंदी मोडून मासं धरायची. तवा न्हाय मेली खाडी. आन् आता हिच्या वंजळीनं मेली? वड्याचं तेल वांग्यावर काढताय व्हय रं? आपेनिसा, खाली काय बघतोस? टाळी कुनी वाजवली हुती?"

आपेनिसाचा चेहरा उतरला. एवढा दांडगा गडी, पण आवाज चिरकला. "आजी, मुळी घेतली ती घेतली. आता माघारी देता येती का? देवाधर्माची गोष्ट हाय. मला बी लेकरं हायती."

"मुळी नगं देऊस माघारी. दात दे त्या सायबाला."

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग आलं, तसे माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मुळीपेक्षा दात मोठा. दात घेऊन मागणं न पाळणाऱ्याचं काय होतं, ते आमच्याकडं मोठ्यानं बोलतसुद्धा नाहीत.

आपेनिसानं किनीपुढचा दात दोन्ही हातांनी उचलला आणि साहेबासमोर गुडघे टेकले. शब्द पद्धतीचे, जुने, एक न चुकता आले. नदीच्या मुखावरचं यंत्र उचलून न्यावं, एवढंच मागणं.

साहेबानं विचारलं नाही काय मागितलं. दोन्ही हातांनी दात घेतला, दोरी गळ्यात घातली, फोटो काढून घेतला.

आम्ही ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या. साऱ्या गावानं, एका तालात. त्याला वाटलं कौतुक चाललंय. मला मात्र त्या आवाजाची भीती वाटत होती.

सकाळी उजाडता उजाडता ड्रेजर पुन्हा सुरू झालं. म्हातारी माझ्या दारात उभी. हातात नवा खुंट, खांद्यावर ओल्या झावळ्या.

"होडी काड. किनीला दवाखान्यात पोचवायचीय. वाटंतच मुख हाय."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, हो म्हणायचीही नव्हती. तिघी निघालो. मुखाशी पाणी गढूळ, होडी नुसती उडत होती. जवळ गेलो तसा यंत्राचा आवाज दातांत शिरला. मी वल्हं धरून देवाचं नाव घेत होते. खुंट रोवायला तळच राहिला नव्हता, सगळा उपसून नेलेला. तेव्हा किनीनं झावळ्या घेतल्या आणि ड्रेजरच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या जाड नळीला बांधल्या. गाठीवर गाठ मारली. बोटं सोलून निघाली तरी थांबली नाही.

वर कठड्याशी कामगार गोळा झाले. सगळे आमच्याच लोकांतले, नदीकाठच्या गावांतले.

"ए आजी, बंदी कसली बांधताय?" एकजण ओरडला. "कंपनीची नळी हाय ती."

"तुमच्या सायबानं काल दात घेतलाय," म्हातारी ओरडली. "यंत्र न्यायच्या बोलीवर. साऱ्या गावादेखत."

हसू पुसलं गेलं त्यांचं. एकमेकांकडं बघायला लागले. त्यांच्यातला एक थोराड माणूस टोपी काढून कठड्यावर वाकला. आवाज खाली आणला होता त्यानं, इंजिनाच्या गोंगाटात जेमतेम ऐकू आला.

"आजी, आमी आजवर एवढं उपसलं, त्याचं काय हुईल गं? माझ्या बी घरात ल्हान पोर तापानं पडलंय."

किनीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. काल बैठकीत तिचा जसा चेहरा होता, तस्साच त्याचा होता.

"ओठ बधिर झाल्यात का रं त्याचं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग बंद कर ते आन् पोराला घिऊन दवाखान्यात ये. खाडीतलं काय चारू नगंस. तू एकट्यानं न्हाय केलेलं हे. म्या बी न्हाय."

तो आत गेला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. कुठंतरी वर फोन वाजत होता, साहेबाचाच असणार, वाजतच होता, कुणी उचलत नव्हतं. उद्या दुसरी माणसं आणतील, ती सुरू करतील, हे आम्हाला काय कळत नव्हतं?

"वैनी, वल्हव," किनी म्हणाली. "लोआता वाट बघत आसंल."