चाकांची पाटी

“जप्त करून घ्या, बाबूजी. आन् पावती द्या.”

दुधराम कापगतेने आपली पाटी माझ्या टेबलाला टेकवून उभी केली. सागाची दोन हात लांब फळी, खाली चाकं म्हणून चार छर्रे, म्हणजे लोखंडी बेअरिंग, पुढे ओढायला सुताची दोरी. दुधरामचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. एकोणीस वर्षं तो या पाटीवर बसून, हाताने जमीन मागे रेटत, ग्रंथालयात पुस्तकं बांधायला येत होता. आज मात्र तो हातांत रबरी चपला घालून, पाटी पाठीला बांधून, फाटकापासून घासत आला होता. धोतराला सिमेंटची धूळ लागली होती.

मी विचारलं, हे काय. त्याने दाराबाहेरच्या सूचना फलकाकडे बोट केलं.

“नियम तीन. तुमीच लिहिला ना? अक्षर तुमचंच हाये.”

अक्षर माझंच होतं. अख्ख्या कॉलेजात तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही, हे मी स्वतःच लोकांना सांगत असे. मी, चंद्रशेखर शहारे, वरिष्ठ लिपिक. मराठी दिनाच्या निबंध स्पर्धेत कर्मचारी गटातलं पहिलं बक्षीस सलग सहा वर्षं मला मिळालंय. गटात आम्ही तिघंच असतो, पण ते सोडा.

झालं होतं असं. २००९च्या दिवाळीआधी बाहेरची तपासणी समिती येणार म्हणून फाटकापासून ग्रंथालयापर्यंत सिमेंटचा रस्ता झाला. गोंदियात तेव्हा इतका गुळगुळीत रस्ता शोधून सापडला नसता. समिती चहा पिऊन गेली आणि रस्ता पोरांच्या हाती लागला. आधी चाकांचे बूट आले. मग आमगावहून रेल्वेने येणारी बी.एस्सी.ची हर्षा बिसेन एक रंगीत फळी घेऊन आली. तिच्या मामाने ती नागपूरहून आणली होती. ती फळीवर उभी राहून भुर्रकन जायची आणि मागे चारपाच जणं टाळ्या पिटत पळायची. एक दिवस ग्रंथालयापाशी उतार लागतो तिथे तिला थांबता आलं नाही आणि भौतिकशास्त्राच्या सरांचा भाताचा डबा रस्ताभर सांडला.

प्राचार्यांनी मला बोलावून इंटरनेटवरून काढलेले दोन इंग्रजी कागद दिले. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचे ते नियम होते. “शहारेजी, इसका मराठी कर दो. शाम तक लग जाना चाहिए,” ते म्हणाले.

मराठी म्हटल्यावर माझ्या अंगात येतं. मी दार लावून बसलो. हेल्मेटचं शिरस्त्राण केलं. स्केट्सचे चाकांचे जोडे झाले. स्केटबोर्डपाशी थोडा अडलो, मग सुचलं आणि स्वतःवरच खूश झालो. चाकांची पाटी. नियम तीन असा उतरला : “चाकांच्या पाटीवर बसून, उभे राहून वा अन्य प्रकारे ग्रंथालयाच्या मार्गावर ये-जा करण्यास सक्त मनाई आहे. अशी पाटी आढळल्यास जप्त करण्यात येईल.” प्राचार्यांनी न वाचता सही ठोकली.

ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. हर्षाने चौकीदाराला विचारलं म्हणे, की शिरस्त्राण हे डोकेदुखीचं औषध आहे का. चौकीदारालाही ठाऊक नव्हतं. पोरं फलकाखालूनच मजेत घसरत राहिली. नियम समजला तो एकट्या दुधरामला. दुधरामच्या त्या फळीला सगळं कॉलेज पाटीच म्हणायचं. मीही म्हणायचो. सकाळी छर्र्यांची खडखड ऐकून “दुधरामची पाटी आली” असं म्हणत मी कितीदा घड्याळ लावलं असेल. तरी लिहिताना तो मला आठवला नाही. मुद्दाम लिहिलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं. तो आठवलाच नाही, याची मला जास्त लाज वाटली.

घाबरलो की माझी प्रमाण मराठी पळून जाते. “अरे, थे तुह्यासाठी नाही गा,” मी म्हणालो.

“मंग कोनासाठी हाये? कॉलेजात पाटी एकच हाये, थे मायी. निस्तं नाव लिहाचं रायलं होतं.”

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. पावती घेतल्याशिवाय तो हलेना. शेवटी मी कागदावर “पाटी एक, चाके चार” असं लिहून सही केली. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि हातांतल्या चपला फटफट वाजवत तो ग्रंथालयाकडे गेला. जाताना त्याला तीनदा थांबावं लागलं. मी खिडकीतून पाहत होतो.

मी तडक प्राचार्यांकडे गेलो. ते आधी हसले, मग म्हणाले की एक ओळ जोडून टाक, दुधरामला सूट आहे. एवढं सोपं होतं तर. मी सुंदर टंकून आणलं : “तथापि श्री. दुधराम कापगते, ग्रंथालय परिचर, यांना सदर नियमातून सूट देण्यात येत आहे.” आणि पाटी काखेत मारून मोठ्या ऐटीत ग्रंथालयात गेलो.

दुधराम एका जाड शब्दकोशाची पाठ शिवत बसला होता. दात लावून दोरा तोडला, कागद वाचला आणि परत दिला.

“सूट नोको, बाबूजी.”

“अरे, काऊन?”

“एकोनीस वर्सं मी या रस्त्यानं येऊन रायलो. आता माह्या नावानं सूट लागन? आज तुमी देल्ली. उद्या नवा साहेब येईन, थो काढून टाकन. मंग मी कोनाले सांगू?” त्याने सुई पुन्हा ओवली. “नियम सुधरवा. तवर पाटी तुमच्यापाशीच राहू द्या.”

मग तो म्हणाला की त्या फळीवाल्या पोट्टीलाही रोखू नका. उतारावर थांबायचं कसं हे तिला कळत नाही, एवढंच. पाय घासून फळी थांबत नसते, आधी वळवावी लागते. सिमेंट झाल्यापासून तो स्वतः दोनदा कुंपणाच्या मेंदीत जाऊन पडला होता, तेव्हा त्याला ते उमगलं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच कुणी होतं म्हणा.

मी पाटी काखेत मारून तसाच परत आलो. तिसऱ्या दिवशीही तो घासतच आला. चौथ्या दिवशी माझ्याच्याने पाहवेना.

आमच्याकडे नियम बदलायचा तर समिती लागते. मी समिती केली. अध्यक्ष प्राचार्य, सचिव मी, विद्यार्थी प्रतिनिधी हर्षा बिसेन आणि जाणकार सदस्य श्री. दुधराम कापगते. ‘जाणकार’ पाहून प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण खोडलं नाही. सभा सोमवारी अकराला, सभागृहात. सभागृह पहिल्या मजल्यावर. हेही मला आठवलं नाही. माझ्या डोक्यात नेमकं काय भरलेलं असतं, असं माझी बायको विचारते ते उगीच नाही.

अकराला दुधराम जिन्याच्या तळाशी बसून होता. दोन शिपाई त्याला उचलायला वाकले.

“उचलू नोका,” तो म्हणाला. “समिती वर जाऊ द्या. मी खालीच बसतो.”

मी धावत वर गेलो आणि प्राचार्यांना म्हणालो की सर, सभा खाली घेऊ. नोकरीत पहिल्यांदाच मी साहेबांना विनंती न करता काही सांगितलं असेल. ते उठले. “चलो, रस्ते की बात है, रस्ते पर ही करते हैं,” म्हणाले.

सभा सिमेंटच्या रस्त्यावर, ग्रंथालयासमोर भरली. शिपायांनी खुर्च्या मांडल्या. प्राचार्य बसले, मी बसलो. हर्षा आपल्या फळीवर दुधरामच्या शेजारी बसली आणि दोघं एकमेकांच्या छर्र्यांबद्दल बोलू लागले. प्राचार्यांना काही ऐकू येईना. ते दोनदा वाकले, तिसऱ्यांदा खुर्ची सोडून, पॅंटची पर्वा न करता खाली बसले. मग मलाही बसावं लागलं. माझा गुडघा कटकन वाजला. हर्षा खुदकन हसली.

“पयला नियम लिहा,” दुधराम म्हणाला. “चाकावर येनाऱ्याले या रस्त्यानं येता येईन. कोनी का असेना.”

मी लिहिला. दुसरा, उताराआधी वळून वेग तोडावा. तिसरा, मागून येणाऱ्याने आवाज द्यावा. चौथा, फळीवर उभं राहणाऱ्याने हेल्मेट घालावं. तो लिहिताना मी हर्षाला विचारलं, तुझ्या या फळीला काय लिहू. ती म्हणाली, स्केटबोर्डच लिहा ना सर, सगळे तेच म्हणतात. मी मुकाट्याने स्केटबोर्ड लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

प्राचार्यांनी चारही नियम मोठ्याने वाचून तिथेच सही केली. मी शिपायाला पाठवून टेबलाखालची पाटी आणवली. दुधरामने आधी ती उलटी करून छर्रे फिरवून पाहिले, दोरी झटकली आणि हातांवर जोर देऊन वर चढला. जमिनीपासून तो चार बोटं उंच झाला आणि त्याचा चेहरा नेमका माझ्या चेहऱ्यासमोर आला.

दुधरामचे डोळे घारे आहेत. डाव्या भुवईतून एक जुना व्रण गेलाय, बहुधा सुईचा. एकोणीस वर्षं मी त्याच्याशी उभ्याने नाहीतर खुर्चीतून बोललो. त्याच्या डोक्यावरचा भोवरा मला ओळखीचा होता. डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“काय पाहून रायले, बाबूजी?” तो म्हणाला. “लिहा. पाचवा रायला हाये. सभा खालीच भरन.”

मी मान खाली घालून लिहू लागलो.