डावीकडं अडतीस अंश

कॅमेऱ्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा, पण तो लागला की शरणबसप्पाला वाटायचं, कुणीतरी आपल्याकडं बघतंय. तसा कॅमेरा बघतोच, त्याचं कामच ते. त्यानं बोट ओलं करून काचेवरची धूळ पुसली. मॉनिटरच्या वरच्या कडेला काळ्या चिकटपट्टीचा जुना डाग होता. कॅमेरा बरोबर त्या डागावर परत बसवला. खुर्चीचे चार पाय फरशीवर खडूनं केलेल्या चार खुणांत. उजवीकडची खिडकी उघडी. डावीकडं स्वयंपाकघराचं दार, तेही उघडं… त्या दिवशी होतं तसं.

उमरग्याच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक. बिदरच्या हवाई तळावरची विमानं डेपोवरून जायची तेव्हा बसखाली उताणा पडलेला तो पान्हा छातीवर ठेवून आवाज संपेपर्यंत थांबायचा. निवृत्त होऊन मुरुमला घरी बसला, तेव्हा जावयानं जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात विमान चालवायचा खेळ होता. खेळ म्हटलेलं त्याला आवडत नसे. मग कॅमेरा आला. कॅमेरा चेहरा पाहतो, मान किती वळली ते मोजतो आणि विमानातली नजर तेवढी वळवतो — मान जराशी डावीकडं नेली की डावा पंख दिसतो, खाली मुरुमसारखं एखादं गाव दिसतं. डावं-उजवं, वर-खाली, आणि मान कलणं. प्रत्येकाचा आकडा वेगळा, सगळे अंशांत.

जानेवारीत बिघाड सुरू झाला. तो समोर बघत असायचा आणि नजर आपोआप डावीकडं उडी मारायची, कधी वीस अंश, कधी चाळीस. दोन-चार सेकंदांत परत जागेवर. नेहमी दुपारीच, तेही रोज नाही. त्यानं अधिक-उण्याची खूण बदलून पाहिली, तर डावं उजवं झालं, उडी राहिली ती राहिलीच. मधला शून्य परत लावला. वेग कमी केला. वायर बदलली. डेपोत ड्रायव्हर सांगायचे, स्टेअरिंग डावीकडं ओढतंय, आणि गाडी बाहेर काढली की सरळ चालायची. ‘आत्ता करत होती, साहेब, तुमच्यापुढं लाजली.’ तो म्हणायचा, मला करून दाखव, मग हात लावतो. म्हणून त्यानं कॉम्प्युटरला सगळे आकडे लिहून ठेवायला सांगितले, सेकंदाला पंचवीस ओळी, वेळेसह. आणि ते बंद करायचं विसरला.

नऊ फेब्रुवारीला ते चालूच होतं.

त्या दिवशी त्याची बायको, कमलबाई, स्वयंपाकघरात पडली. तो पाच वाजायला वीस मिनिटं असताना चहासाठी उठला तेव्हा ती ओट्याखाली, एक हात मोरीच्या कठड्यावर, तोंड दाराकडं. पातेल्यातलं दूध जळून काळं झालेलं. उमरग्याच्या डॉक्टरनं विचारलं, पडून किती वेळ झाला, हाक वगैरे मारली होती का? तो म्हणाला, विमानाचा आवाज ऐकायचं ते कानाला लावलं होतं, काही ऐकू आलं नाही. अयोध्याला, मुलीला, तेच सांगितलं. मातीला आलेल्यांना तेच. शेजारची नागूबाई तिसऱ्या दिवशी म्हणाली, “भाऊजी, भांडं पडल्याचा आवाज मला माझ्या घरात आला. वाटलं, मांजर असंल.” तिलाही तेच. कानाला लावलं होतं.

जूनमध्ये कॉम्प्युटरमधली जागा भरली म्हणून फायली काढून टाकायला बसला तर ती फाइल सापडली. तारीख नऊ. हजारो ओळी, शून्य, शून्य, उणे एक, शून्य. तो बोटानं ओळी मोजत खाली आला, बसच्या दुरुस्तीचं जॉबकार्ड वाचावं तसा. चार वाजून तेरा मिनिटं सात सेकंद — डावीकडं अडतीस. चार सेकंद अडतीस. मग शून्य. त्यापुढं अर्धा तास शून्यच.

स्वयंपाकघराचं दार खुर्चीपासून अडतीस अंशांवर आहे. त्यानं दोरी लावून मोजलं.

आता दोनच गोष्टी असू शकतात. एक, तो जुनाच बिघाड: पश्चिमेचं ऊन खिडकीतून उजव्या गालावर आलं की तेवढा गाल कॅमेऱ्याला पांढरा दिसतो, अर्धाच चेहरा उरतो, आणि त्याला वाटतं माणूस वळला. दुसरी… दुसरी म्हणजे माणूस वळला. कमल म्हणाली, अवो. मी मान वळवली, चार सेकंद दाराकडं पाहिलं आणि परत धावपट्टीकडं. मला आठवत नाही. ती दिवसातून पंधरा वेळा अवो म्हणायची — अवो, डबा काढून द्या, अवो, गॅस बघा, अवो, काय न्हाय. त्यातली कुठली हाक कुठल्या दिवसाची, हे कुणी लिहून ठेवलं?

म्हणून आज. दोन नोव्हेंबर. सूर्य दक्षिणेकडून परत येताना नऊ फेब्रुवारीला जिथं असतो तिथंच तो जाताना नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो, हे त्यानं वाचून काढलं होतं, आणि पाच महिने वाट पाहिली होती. बिघाड परत दिसला पाहिजे. मान न हलवता दिसला, तर तो यंत्राचा.

सकाळी अयोध्याचा लोहाऱ्याहून फोन आला होता.

“अप्पा, जेवलाव का?”

“व्हय.”

“काय खाल्लाव?”

“भाकरी.”

“कुणी केली?”

त्यानं पायानं खुर्ची खडूच्या खुणेवर सरकवली.

“इकडं या म्हणून किती सांगायचं? ते विमान न्हाय उडून जात कुठं.”

“येतो. आज एक काम हाय.”

“तुमचं काम! आई म्हणायची, लोकांचा माणूस रिटायर झाला की घरी येतो, आमचा वर गेला.” ती हसली, आणि हसता हसता थांबली. फोनमध्ये तिच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. “अप्पा, एक विचारू? आईनं खरंच हाक…” आणि मग म्हणाली, “जाऊ द्या. औषध घ्या.”

तिनं विचारलं नाही. नऊ महिन्यांत तिनं ते एकदाही पुरतं विचारलं नव्हतं, आणि आज संध्याकाळी आकडा हातात घेऊन तो स्वतःच फोन करणार होता. सांगणार होता, यंत्राचा बिघाड होता, बघ, मी दाखवतो.

साडेतीनला तो खुर्चीत बसला. ऊन घड्याळाचं ऐकत नाही, म्हणून आधीपासूनच. कपाटातून कमलचा मानेचा पट्टा काढला, तिची मान दुखायची तेव्हाचा. आतल्या स्पंजला अजून बामाचा वास होता, आणि एक पांढरा केस होता, तो त्यानं काढला नाही. पट्टा आवळला. हनुवटी वर उचलली गेली, मान भिंतीत चिणल्यासारखी झाली. कानाला हेडफोन. तेच विमान, तीच धावपट्टी, इंजिनाचा आवाज त्या दिवशी होता तेवढाच. आकडे लिहायला सुरुवात. शून्य. शून्य. उणे एक. शून्य.

उन्हाची पट्टी टेबलाच्या कडेवर होती. तिथून माऊसवर आली. मग उजव्या मनगटावर, ऊबदार. आज गालावर यायला हवी, आज आली नाही तर पुढचा मुहूर्त फेब्रुवारीत… आणि त्याच्या लक्षात आलं की तो ऊन यावं म्हणून मनातल्या मनात हात जोडतोय. कमल डॉक्टरांच्या दारात पडून होती तेव्हा त्यानं एवढे जोडले नव्हते. खांद्यावर आली. धावपट्टी समोर मोठी होत होती. कानाची पाळी तापली.

“भाऊजी… अवो भाऊजी!”

डावीकडून. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून.

“घरात हाव का?”

थांब जरा, एवढं उतरू दे.

हे तो बोलला नाही. हे नुसतं आत आलं आणि गेलं, चप्पल पायात सरकवावी इतकं सहज. त्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. उतरू दे, मग येतो.

“दार सताड उघडं टाकून कुठं गेलाव? पिठलं ठेवलंय बघा. मांजरानं तोंड घातलं तर म्हणू नका, नागूनं आणलं न्हाय.” ताट ओट्यावर टेकल्याचा आवाज. त्यावर झाकण. मग तिच्या चपला मोरीवरून, पायरीवरून, अंगणात… आणि मागच्या दाराची कडी.

झाकणाचासुद्धा. हेडफोन होता, इंजिन चालू होतं, आणि त्याला झाकण ठेवल्याचासुद्धा आवाज आला होता.

वायर तपासली. उजेड तपासला. अधिक-उणे, मधला शून्य, सूर्य कुठल्या महिन्यात कुठं असतो तेही तपासलं, मान तर बांधूनच ठेवली. कान तपासला नाही. डेपोत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्याला म्हणालो असतो, बाबा, सगळी गाडी खोललीस आणि हॉर्न वाजवून बघितला नाहीस?

समोर विमानातली नजर डावीकडं गेली होती. डावा पंख, त्याखाली शेतं. ऊन गालावर आलं होतं, हे खरं. पण पट्ट्याच्या आत मानेची शीर डावीकडं ताणली गेली होती आणि हनुवटी स्पंजात रुतली होती, हेही खरं. आकडा कोपऱ्यात होता. त्यानं तो वाचला नाही. धावपट्टी नजरेबाहेर राहिली आणि विमान कुणी न बघता खाली जात राहिलं, मग आवाज थांबला.

त्या दिवशी मी ऐकलं का, मला माहीत नाही. आजही नाही. पण ते वाक्य… ते नवं नव्हतं. ते आत आलं तेव्हा त्याची जागा आधीपासून झिजलेली होती, उंबऱ्यासारखी. पंधरा हाकांना पंधरा वेळा. एवढं उतरू दे.

ऊन गालावरून सरकून मागच्या भिंतीवर गेलं. हिरवा दिवा चालूच होता. ओट्यावरच्या पिठल्याचा वास येत होता, आणि संध्याकाळी अयोध्याला फोन करायचा होता, आणि नऊ महिने तोंडात असलेलं ‘कानाला लावलं होतं’ आता त्याला जिभेवर सापडेना. दाराकडं बघायचं तर आधी पट्टा सोडावा लागणार होता. त्याचे हात मांडीवर होते. ते वर जाईनात.