ओट्यावरचा इसम

मोहतळ्याच्या मच्छीबाजारात खांबावर कॅमेरा बसला तेव्हा लोकांना वाटलं, आता चोर सापडतील. कॅमेऱ्यानं सर्वांत आधी पकडला तो शालिकरामचा निळा सदरा.

सदऱ्यात शालिकराम नव्हता, तणीस, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, भरलेलं होतं. वर मडक्याचं डोकं, त्यावर कोळशाच्या मिशा. ही कारागिरी त्याच्या बायकोची, कुंताची. कुंता म्हणजे मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातली अशी बाई, की जिच्याशी भाव करायला गेलेलं गिऱ्हाईक झिंग्यांसोबत दोन मरळी घेऊन घरी यायचं आणि आपणच जिंकलो असं बायकोला सांगायचं.

बाजाराच्या फाटकाजवळचा पहिला ओटा तिचा. तिच्या सासूनं तिथं आयुष्यभर मासळी विकली. तेव्हा जागा धरायची सोपी रीत होती: आदल्या संध्याकाळी टोपली पालथी घालायची आणि निवांत घरी जायचं. दुसऱ्याच्या टोपलीला कोणी बोट लावत नसे. नगरपंचायतीनं सिमेंटचे ओटे बांधले आणि वर हे कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं. बाजाराच्या दिवशी सकाळी सहाला यंत्र फोटो काढायचं. ओटा रिकामा दिसला की तो पुढच्या नंबरवालीला. पुढचा नंबर बायनाबाईचा, आणि ती पाच वाजल्यापासून दात घासत फाटकाशी उभी.

यंत्राला टोपली कळत नव्हती, माणूसच लागायचा. आणि सहा वाजता कुंता नवऱ्याबरोबर बोडीत कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत असायची. मासळीच धरली नाही तर ओट्यावर बसून विकायचं काय, हे यंत्राला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून तिनं माणूस घडवला आणि आदल्या संध्याकाळीच नेऊन बसवला. यंत्र खूश. सकाळची हजेरी बिनचूक लागायला लागली.

मग यंत्राला नवा नियम शिकवला गेला: रात्री ओट्यावर झोपायचं नाही. झालं. कुंताच्या मोबाइलवर चलनं यायला लागली. शेवटच्या चलनासोबत ओटा रद्द केल्याची नोटीस होती. खाली फोटो, आणि लिहिलेलं: ‘रात्री ओट्यावर झोपलेला इसम, वय अंदाजे साठ.’

“साठ?” शालिकराम उसळला. “मी साठीचा दिसतो?”

“तुमी नाई जी, तुमचा सदरा दिसते.”

“ओटा चालला अन् तू हासून राह्यली?”

“हासू नाई त का करू? अपील करतो ना.”

अपील करायला कुंता दोनदा नगरपंचायतीच्या कार्यालयात गेली. दोन्ही वेळा साहेबांची खुर्ची रिकामी, आणि पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल. बाबू प्रफुल मान वर न करता म्हणायचा, “साहेब हायेत, बाई. टॉवेल दिसत नाई का? बसा.” ती बसायची. दुपार कलली की टॉवेलाला नमस्कार करून घरी यायची.

तिसऱ्यांदा टॉवेलाच्या पुढं खरेखुरे साहेब होते. कुंतानं बुजगावणं मोटरसायकलवर दोराला बांधून आणलं होतं. वाटेत पानठेल्यावरचे लोक शालिकरामला विचारत होते, मागं बसलेला पाहुणा कुठला. सुनावणीला बायनाबाईही आली होती, नवं लुगडं नेसून. ओटा आजच मिळणार असल्यासारखी.

“हा घ्या तुमचा इसम,” कुंता म्हणाली. “दाबून पाहा. नाडी सापडली त दंड भरतो.”

साहेबांनी पेनाच्या टोकानं पोट टोचलं. तणीस बाहेर आलं. “ठीक,” ते म्हणाले, “हा माणूस नाही. चलनं रद्द.”

कुंतानं श्वास सोडला. तेवढ्यात साहेबांनी पडद्याकडं पाहिलं. “पण बाई, हा माणूस नाही, तर बाजाराच्या दिवशी सकाळी सहाला ओट्यावर कोण होतं? यंत्रानं तुमची हजेरी मांडलीय. ती या तणसाची. म्हणजे ओटा रिकामा होता. रिकामा ओटा पुढच्या नंबरला जातो.”

बायनाबाईनं पदर सावरला.

फास असा बसला होता: माणूस म्हणावं तर रात्री झोपला म्हणून ओटा जातो, तणीस म्हणावं तर सकाळी नव्हता म्हणून ओटा जातो. शालिकरामनं बायकोकडं पाहिलं. बायको पाहत होती टॉवेलाकडं.

“साहेबजी,” ती हळूच म्हणाली, “मी दोनदा आलती. तुमी नव्हते.”

“मी हजर होतो. रजिस्टर पाहा.”

“तेच त. प्रफुलभाऊ बी म्हणे, टॉवेल हाय म्हंजे साहेब हायेत. मी मानलं. मंग तुमचा टॉवेल हाजर, अन् माहं बुजगावणं काऊन गैरहाजर? त्याले त हात-पाय बी हायेत.”

दारात जमलेले लोक खिदळले. प्रफुलला एकाएकी खूप काम आलं.

“टॉवेलाचा इथं काय संबंध?”

“नसन त लिहून द्या. टॉवेल म्हंजे साहेब नाई, एवढंच. मी आत्ताच ओटा सोडतो.”

साहेबांनी पेन उघडलं. बंद केलं. पाणी मागवलं. शेवटी जो आदेश निघाला, तो असा: ‘ओटाधारकाची सकाळची उपस्थिती प्रतिनिधीमार्फत ग्राह्य. सदर प्रतिनिधी रात्री झोपलेला नसून बसलेला असल्याने नियमभंग नाही. ओटा कायम.’

बाहेर बायनाबाईनं बुजगावण्याची मिशी निरखून पाहिली. “कुंते, तुहा माणूस गुणाचा हाय व. मले बी एक करून दे.”

“करून देतो. सदरा तुह्या घरचा आण.”

पुढच्या बाजाराला सकाळी सहाला एकूणएक ओट्यावर मिशाळ इसम बसलेले होते, आणि यंत्रानं शंभर टक्के हजेरी कळवली. त्याच आठवड्यात कोणीतरी साहेबांच्या खुर्चीत, टॉवेलाच्या वर, कोळशानं मिशा रेखलेलं मडकं नीट बसवून ठेवलं. साहेब दुपारी आले आणि भडकले. “हे कोणी केलं?”

“मले काय मालूम जी,” प्रफुल म्हणाला. “सकाळपासून खोलीत तुमीच होते ना.”