सत्त्याण्णवावं नाव

दूध उतू गेल्याचा चर्र आवाज झाला आणि ती मुलीची वेणी अर्धी सोडून स्वयंपाकघरात धावली. सासरे शेगडीपासून हातभर अंतरावर उभे होते. पातेल्यातून फेस ओघळत होता, जाळ तडतडत पिवळा झाला होता, आणि ते हात मागे बांधून, दुसऱ्याचं काम बघत उभं राहावं तसे शांतपणे बघत होते.

तिने गॅस बंद केला. फडकं घेतलं.

"तू ठेवलं होतंस ना?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुझं लक्ष आहे."

दूध तिने ठेवलं नव्हतं. ती पुसत राहिली.

"आज काचकारखाना जिंकणार बघ," जाता जाता ते म्हणाले.

फडकं तिच्या हातातच राहिलं. राष्ट्रीय फुटबॉल चषकाचा अंतिम सामना आज दुपारी होता, गोदी संघ आणि रेल्वे संघ यांच्यात. काचकारखाना हा संघ बंद पडून वीस-बावीस वर्षं झाली होती. कारखान्याचं धुराडं पाडून तिथे आता गाड्या लावायची जागा केली होती. सासऱ्यांना थट्टेची सवय होती. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ते काहीही ठोकून देत. थट्टाच असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. गेले चार महिने ती स्वतःला हेच सांगत होती.

चषकावर विजेत्याचं नाव कोरायचं काम त्यांच्या घराकडे तीन पिढ्या होतं. चषकाच्या बैठकीला एकाखाली एक चांदीचे पट्टे होते आणि त्यांवर आजवरची शहाण्णव नावं. नाव आधी कोरून ठेवता येत नसे, आणि नंतर बघू म्हणूनही चालत नसे. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या गॅलरीखालच्या खोलीत चषक कोरणाऱ्यासमोर असे आणि सामना संपल्यापासून समारंभ सुरू होईपर्यंतच्या नऊ मिनिटांत नाव चांदीत उतरायचं. तेही ऐकीव बातमीवर नाही. फार पूर्वी एका वर्षी शिट्टी झाल्यावर तक्रार झाली, निकाल फिरला, आणि आजेसासऱ्यांना कोरलेलं नाव घासून काढावं लागलं. तिथे पट्टा अजून अंगठ्याला खोलगट लागतो. तेव्हापासून सचिवांच्या सहीची चिठ्ठी समोर आल्याशिवाय कोरणी उचलायची नाही, असा नियम झाला.

सासऱ्यांना शहाण्णवच्या शहाण्णव नावं पाठ होती. नुसती नावं नव्हेत. कुठल्या साली अकराच संघ आले, कुठल्या साली अंतिम सामना तीनदा खेळावा लागला, युद्धाची दोन वर्षं कोरी कशी गेली, चषक चोरीला जाऊन पार्सल ऑफिसात बटाट्याच्या पोत्यात कसा सापडला. वर्तमानपत्रवाले यायचे, ते सांगायचे. नातीला घास भरवताना एका घासाला एक नाव घ्यायचे. सहा वर्षांच्या भुंगीला पहिली वीस नावं पाढ्यासारखी येत.

त्या घासांमुळेच तिच्या लक्षात आलं होतं. चार महिन्यांपूर्वी एकदा सासरे चोपन्नाव्या नावापर्यंत, काचकारखान्यापर्यंत, आले आणि पुढचं नाव घेण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. भुंगी हसली. आजोबा मला जास्त घास भरवायला लबाडी करतात, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. चोपन्नावं नाव त्यांनी स्वतः कोरलेलं पहिलं. त्या वर्षी वडिलांनी सामन्याच्या ऐन वेळी कोरणी त्यांच्या हातात दिली होती. त्यानंतरची बेचाळीस नावंही त्यांच्याच हातची, पण हल्ली चोपन्नावं ओलांडून ते पलीकडे येत नव्हते.

नवरा लांब पल्ल्याच्या बसवर होता. आठवड्यातून दोन दिवस घरी. तिने त्याला फोनवर सांगून पाहिलं. अगं, वय झालं की सगळेच चष्मा शोधतात, तो म्हणाला. आणि बाबांचा हात बघितलास का, माझ्यापेक्षा घट्ट आहे.

हात. सगळे हातच बघत होते. गेल्या महिन्यात फुटबॉल संघटनेचे सचिव घरी येऊन गेले ते त्यासाठीच. पूर्वी ते पंच होते, त्यामुळे सासरे त्यांना अजून शिट्टी म्हणायचे. पुढच्या वर्षापासून यंत्राने कोरावं असं कमिटीत काही जण म्हणतात, काकांच्या वयाचा प्रश्न निघाला, असं त्यांनी चाचरत सांगितलं. सासऱ्यांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला मागवला, पालथ्या पंजावर ठेवला आणि चोपन्न नावं म्हणून दाखवली. थेंब सांडला नाही.

"तुझ्या शिट्टीपेक्षा हा हात बरा," ते म्हणाले. "भलत्या वेळी वाजत नाही."

सचिव पोट धरून हसले. चोपन्नापाशी नावं थांबली हे त्यांना पेल्याच्या नादात कळलंच नाही. उठताना त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, तुम्ही रोज जवळून बघता. हात ठीक आहे ना? लिहून देऊ का तसं?

"हात ठणठणीत आहे," ती म्हणाली.

ते खरं होतं. त्या खऱ्याचं ओझं ती महिनाभर वागवत होती. सासऱ्यांनी देशभराच्या डोळ्यांदेखत चांदीवर भलतंच नाव कोरलं, तर चव्वेचाळीस वर्षांच्या कामाचा एका दुपारीत विनोद होणार होता, आणि तिने तो होऊ दिलेला असणार होता. त्यांच्या विसरण्याचं सांगितलं असतं तर तो विनोद टळला असता, आणि कोरणी त्यांच्या हातातून तिनेच काढून घेतल्यासारखं झालं असतं. शाळांचे कप, दुकानांच्या पाट्या ती सात वर्षं त्यांच्याच शेजारी बसून कोरायला शिकली होती. त्यांच्या हातातली कोरणी काढून घेणं तिला जमलं नसतं.

गॅलरीखालची खोली लांबट होती. भिंतीत वर एक जाळीची खिडकी, टेबलावर दिवा, कोपऱ्यात छोटा टीव्ही. भुंगीला ठेवायला घरी कोणी नव्हतं, म्हणून मदतनिसाच्या पासावर आलेल्या आईच्या मांडीवर ती होती. डोक्यावर हजारो पाय आपटत होते आणि छताचा चुना बारीक बारीक गळत होता. सासऱ्यांनी वाळू भरलेली कातडी उशी मांडली, तिच्यावर चषक आडवा ठेवला, कोरण्या ओळीने लावल्या. एकही चुकली नाही. हातांना सगळं आठवत होतं.

मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. सत्तराव्या मिनिटाला गोदीने एक केला, तेव्हा वरून असा दणका आला की टेबलावरचं भिंग सरकलं. भुंगीने कानांवर हात ठेवले. सासऱ्यांनी टीव्हीकडे पाहिलंही नाही. ते फडक्याने चषक पुसत पुटपुटत होते. ती कान देऊन ऐकत राहिली. एकावन्न. बावन्न. त्रेपन्न. काचकारखाना. मग थोडं थांबून, पहिलं.

आत्ता उठावं, सचिवांना बाहेर गाठावं, असं तिला वाटलं. मांडीवरच्या मुलीचं वजन तिने निमित्तासारखं धरून ठेवलं.

शिट्टी झाली. सचिव धावत आत आले, मागे पांढरे हातमोजे घातलेले दोघे. चिठ्ठी टेबलावर पडली: गोदी संघ, खाली सही. सासऱ्यांनी ती उचलली, नीट वाचली, मान हलवली, आणि पुन्हा टेबलावर ठेवून दिली. सचिव दाराशी जाऊन फोनवर कुणाला तरी ओरडून सांगू लागले की अजून आठ मिनिटं, व्यासपीठावर कुणाला चढू देऊ नका.

सासऱ्यांनी पट्ट्याच्या मोकळ्या जागेवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवला, सुकू दिला, पट्टी धरून दोन रेघा ओढल्या. कोरण्याआधी अक्षरं पेन्सिलीने आखून घ्यायची. त्यांनी पेन्सिल टेकवली. ती बघत होती. पेन्सिल सफाईने वळली, खाली आली, आडवी गेली. चांदीवरच्या पांढऱ्यात सुबक अक्षरं उभी राहिली: काच.

चिठ्ठी त्यांच्या कोपराशी होती.

सचिव पाठमोरे होते. हातमोजेवाले टीव्ही बघत होते. तिने भुंगीला स्टुलावर बसवलं, पुढे वाकली, अंगठा जिभेला लावला आणि ती दोन अक्षरं पुसून टाकली. नुसताच अंगठा फिरवला, जशी ती मुलीच्या गालावरचं दूध पुसे.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्त्यात एखादा ओळखीचा माणूस भेटावा आणि त्याचं नाव जिभेवर येऊ नये, तसं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी सांगते, तुम्ही काढा. वेळ कमी आहे ना."

त्यांनी पेन्सिल पुन्हा रेघेवर टेकवली.

"गो."

क्षणभर काहीच झालं नाही. वर बँड सुरू झाला. मग पेन्सिल हलली.

"दी."

त्यांनी आखलं. तिने थोडी जागा सोडायला बोट ठेवलं, जसं भुंगीच्या वहीत ठेवायची. "सं. आता घ."

मग कोरणी. इथे सांगायचं काही उरलं नव्हतं, तरी ती सांगत राहिली, प्रत्येक अक्षर, एकेक वळण येईल तसं, आवाज इतका खाली की तो कोरणीच्या किर्र आवाजात मिसळून जावा. चांदीची बारीक, चकचकीत साल उलगडत टेबलावर पडत होती. सासऱ्यांचा हात एकदाही थबकला नाही. चार अक्षरं झाली तेव्हा तिची पाठ घामाने ओली झाली होती आणि घड्याळात दीड मिनिट शिल्लक होतं.

सचिवांनी भिंग लावून बघितलं. मग चिठ्ठी बघितली, पुन्हा भिंग.

"काका, छापल्यासारखं," ते म्हणाले. "कमिटीतल्या त्या यंत्रवाल्यांना आणून दाखवतो आता. शंभरावं नाव तुमच्याच हातचं. झालं, ठरलं."

"शंभर काय," सासरे म्हणाले, "पुढचं शतक माझी सून काढेल. तुला शिट्टी सापडली तर तू ये."

हातमोजेवाले चषक घेऊन गेले. दार लोटलं गेलं, आणि थोड्या वेळाने वरून असा जल्लोष झाला की खोलीतला दिवा थरथरला. नाव देशाने पाहिलं होतं. बरोबर नाव. तिने टेबलाची कड धरली. सासरे कोरण्या एकेक करून फडक्यात गुंडाळत होते. संपलं, तिने मनात म्हटलं. या वर्षापुरतं संपलं.

सचिव खुर्ची ओढून बसले. पुढच्या वर्षाच्या शिफारशीचा कागद आत्ताच भरून टाकू, तवा गरम आहे तोवर, असं म्हणत त्यांनी पेन उघडलं. कोरणाऱ्याचं नाव लिहिलं. प्रकृती, या शब्दापुढे 'उत्तम' लिहिलं. खाली घरच्यांची एक सही लागते वहिनी, म्हणून कागद तिच्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं.

भुंगी इतका वेळ स्टुलावर पाय हलवत गप्प बसली होती. शाळेत कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे तिला पक्कं शिकवलेलं होतं. आता सगळे गप्प झाले, म्हणून तिने विचारलं, वर्गात विचारतात तसं, स्पष्ट आणि मोठ्याने.

"आई, तू आजोबांना शुद्धलेखन का घातलंस? चिठ्ठी तर त्यांच्यासमोरच होती."

सचिवांचा रुमालाने कपाळ पुसणारा हात मध्येच थांबला. फडक्याची गाठ मारता मारता सासऱ्यांनी मान वर केली. तेही तिच्याकडेच बघत होते, उत्तर ऐकायला.